सुट्टी कोणाच्या मालकीची?

डेल्टा एअरलाइन्स ही अमेरिकेतली बडी विमान कंपनी. डिसेंबर २०००मध्ये ती आपल्याच वैमानिकांच्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेली. कंपनीकडे तेव्हा सुमारे दहा हजार वैमानिक होते. त्यांनी संप पुकारला नव्हता. नेमून दिलेल्या फेऱ्या ते करत होते. थांबवली होती ती एकच गोष्ट, सुट्टीच्या दिवशी जादा फेरीसाठी नाव देणं. करारानुसार हे जादा काम ऐच्छिक होतं. ज्याला हवं त्याने मागावं, नको त्याने घरी बसावं. तरीही ऐन नाताळच्या गर्दीत कंपनीवर उड्डाणं रद्द करण्याची पाळी आली.

अटलांटातल्या खालच्या कोर्टाने कंपनीची मागणी फेटाळली. पण जानेवारी २००१मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. एकट्या वैमानिकाने जादा फेरी नाकारणं वेगळं आणि सगळ्यांनी ठरवून नाकारणं वेगळं, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. संघटनेने हा सामूहिक नकार थांबवण्यासाठी प्रयत्न केलेच पाहिजेत, असं कोर्टाचं म्हणणं पडलं.

हा निकाल वाचला तेव्हा मला साधा प्रश्न पडला. जे काम करणं ऐच्छिक आहे, ते न करणं बेकायदा कसं होतं? उत्तर शोधायला मागे जावं लागतं. विमानं लाकडाची आणि कापडाची होती, त्या काळापर्यंत.

धुक्यातला नकार

अमेरिकेत नियमित हवाई सेवा रुजली ती प्रवाशांच्या नव्हे, तर टपालाच्या जोरावर. १९१८मध्ये टपाल खात्याने विमानातून पत्रं न्यायला सुरुवात केली. खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी ऑटो प्रेगर यांच्यावर या सेवेची जबाबदारी होती. रेल्वेसारखं विमानही वेळेवर सुटलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. हवामान कसं आहे याचा निर्णय विमानात बसणाऱ्याने नव्हे, तर वॉशिंग्टनमध्ये खुर्चीवर बसणाऱ्याने घ्यायचा, अशी एकूण व्यवस्था होती.

जुलै १९१९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्क मैदानावर दाट धुकं होतं. लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोन वैमानिकांनी उड्डाण करायला नकार दिला. प्रेगर यांनी दोघांना कामावरून काढलं. त्यावर बाकीच्या वैमानिकांनी काम बंद केलं. अमेरिकेतल्या वैमानिकांचा हा पहिला संप. तो काही दिवसच चालला. तडजोड झाली, ली परत कामावर आले, स्मिथ आले नाहीत. यापुढे हवामानाचा अंदाज मैदानावर असलेला माणूस घेईल, एवढं मान्य झालं. त्या हवाई टपालसेवेच्या पहिल्या दशकात तीसहून अधिक वैमानिकांचे जीव गेले, हे लक्षात घेतलं की त्या ‘नाही’ची किंमत कळते.

या प्रसंगात सुट्टीचा विषय नाही. पण पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणाचं मूळ इथेच आहे. वेळापत्रक मोठं की वैमानिकाचा नकार मोठा, हा तो वाद.

८५ तासांची मर्यादा

१९३०च्या दशकात मंदीने अमेरिकेला घेरलं. विमान कंपन्यांनी पगार कापायला सुरुवात केली. जुलै १९३१मध्ये शिकागोत डेव्हिड बेंके या वैमानिकाच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन स्थापन झाली. सुरुवातीची सभासदनोंदणी गुपचूप चालायची, कारण नाव उघड झालं तर नोकरी जायची भीती होती.

पुढच्याच वर्षी परीक्षेची वेळ आली. मोटारींच्या धंद्यातून विमान व्यवसायात आलेले एरेट कॉर्ड यांनी आपल्या सेंच्युरी एअर लाइन्समध्ये वैमानिकांचा पगार उतरवला. नवा दर मान्य नसेल तर चालते व्हा, असा खाक्या. वैमानिक बाहेर पडले. त्यांच्या बाजूने संसदेत आवाज उठवला तो फिओरेलो ला गार्डिया यांनी. ते स्वतः पहिल्या महायुद्धात विमानदलात होते. पुढे हेच ला गार्डिया न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि त्या शहरातल्या एका विमानतळाला आज त्यांचं नाव आहे.

खरा पेच आला विमानांचा वेग वाढल्यावर. वैमानिकांना मैलांच्या हिशेबाने पैसे मिळत. नवं विमान त्याच वेळात जास्त मैल कापायचं, म्हणजे जास्त पगार द्यावा लागायचा. कंपन्यांना हे नको होतं. तासांवर पगार द्यावा आणि महिन्याचे तास वाढवावेत, असा त्यांचा डाव होता. प्रकरण सरकारच्या राष्ट्रीय कामगार मंडळाकडे गेलं. मे १९३४मध्ये मंडळाने जो निवाडा दिला तो ‘निवाडा क्रमांक ८३’ या नावाने ओळखला जातो. मूळ वेतन, तास आणि मैल या तिन्हींचा मेळ घालणारं सूत्र त्यात होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे महिन्याला ८५ तासांहून जास्त उड्डाण नाही, अशी मर्यादा त्यात घातली होती. १९३८च्या विमान वाहतूक कायद्याने या निवाड्याला कायद्याचं पाठबळ दिलं.

वैमानिकाच्या विश्रांतीला अशी किंमत आली. पण याच सुमारास दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचे परिणाम आजही जाणवतात.

पहिली, १९३६मध्ये वैमानिकांना रेल्वे कामगार कायद्याच्या कक्षेत आणलं गेलं. हा कायदा १९२६चा. रेल्वे बंद पडली तर देश थांबतो, म्हणून संप शक्यतो होऊच नये या हेतूने तो केलेला. या कायद्याखाली कंपनी आणि संघटनेचा करार कधी संपत नाही. ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त दुरुस्तीसाठी खुला होतो. मग वाटाघाटी, सरकारी मध्यस्थी, पुन्हा वाटाघाटी. हे सगळं वर्षानुवर्षं चालू शकतं. तोवर दोन्ही बाजूंनी ‘आहे तशी स्थिती’ राखायची. दुसरी गोष्ट, १९३८च्या कामगार कायद्याने आठवड्याला ठरावीक तासांपलीकडच्या कामाला दीडपट मोबदला देण्याचं बंधन मालकांवर घातलं. रेल्वे कामगार कायद्याखालच्या विमान कंपन्यांना मात्र त्या बंधनातून सूट मिळाली. म्हणजे जादा कामाचे नियम काय असावेत, हे वैमानिकांसाठी कायदा सांगणार नव्हता. ते करारातच भांडून मिळवायचे होते.

फोन वाजतो तेव्हा

जादा फेरी नेमकी कशी येते, हे इथे समजून घ्यायला हवं. मोठ्या कंपनीत महिन्याचं वेळापत्रक आधी तयार होतं. वैमानिक आपापली पसंती नोंदवतात. ज्येष्ठतेच्या क्रमाने फेऱ्या वाटल्या जातात. ज्येष्ठाला चांगल्या फेऱ्या आणि सणासुदीच्या सुट्ट्या, कनिष्ठाला उरलंसुरलं. काही जण राखीव असतात. कोणी आजारी पडलं, विमान बिघडलं, वादळ आलं, की त्यांना बोलावतात.

राखीव माणसं संपली की सुट्टीवरच्या माणसांची पाळी येते. आधी जास्त पैसे देऊन स्वेच्छेने येणारे शोधले जातात. कोणीच मिळालं नाही तर काही करारांनुसार उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत कनिष्ठापासून, सक्तीने नेमणूक करता येते. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी कंपनीचा नंबर दिसला की फोन न उचलण्याची रीत वैमानिकांमध्ये पडली. फोन उचलला नाही तर हुकूम मिळालाच नाही.

आता मालकाच्या बाजूने हिशेब पाहू. एका वैमानिकाला नव्याने घ्यायचं तर प्रशिक्षण, पगार, विमा, निवृत्तिवेतन हा सगळा खर्च आला. त्यापेक्षा आहे त्याच माणसाची सुट्टी दीडपट-दुप्पट दराने विकत घेणं स्वस्त पडतं. म्हणून संख्या मुद्दाम तुटपुंजी ठेवली जाते आणि उरलेली भर सुट्ट्यांतून निघते. वैमानिकांचीही त्याला ना नसते. घराचं कर्ज, मुलांची कॉलेजं. जादा फेरीचा पैसा अनेकांना हवा असतो. असं करता करता ऐच्छिक काम वेळापत्रकाचा पाया होऊन बसतं. कागदावर ती माणसाची मर्जी असते आणि कंपनी ती गृहीत धरून तिकिटं विकते.

मालक झालेले वैमानिक

या व्यवस्थेतली ताकद कुठे आहे, हे २०००च्या उन्हाळ्यात युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दाखवलं. गंमत अशी की १९९४पासून या कंपनीत कर्मचाऱ्यांची मोठी मालकी होती. पगारात कपात सोसून त्यांनी शेअर घेतले होते आणि त्यात वैमानिकांचा वाटा सर्वांत मोठा होता. करार एप्रिल २०००मध्ये दुरुस्तीसाठी खुला झाला. बोलणी लांबली. वैमानिकांनी जादा फेऱ्या घेणं सोडलं. उन्हाळाभर हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर लोक जमिनीवर झोपले. ऑगस्टमध्ये कंपनीने मान तुकवली आणि काहींना २८ टक्क्यांपर्यंत पगारवाढ मिळाली.

डेल्टाच्या वैमानिकांनी काही महिन्यांतच तीच वाट धरली, पण तिथे कोर्ट आडवं आलं. कोर्टाचा तर्क सरळ होता. वर्षानुवर्षं वैमानिक जादा फेऱ्या घेत आले, म्हणून ते घेणं हीच ‘आहे तशी स्थिती’. वाटाघाटी चालू असताना ती सगळ्यांनी मिळून बदलली, तर तो दबाव झाला आणि कायद्याने तो मना आहे. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. ऐच्छिक काम इतकं नेमाने होत राहिलं, की कायद्याने त्या सवयीलाच कर्तव्य मानलं.

याआधी, फेब्रुवारी १९९९मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकून विमानं अडवली होती. कंपनीने रेनो एअर ही छोटी कंपनी विकत घेतल्याचा तो वाद. कोर्टाचा हुकूम न मानल्याबद्दल त्यांच्या संघटनेला साडेचार कोटी डॉलरहून अधिक दंड झाला. म्हणजे सामूहिक नकाराची किंमत काय असते, हे डेल्टाच्या संघटनेला ठाऊक होतं.

युनायटेडच्या गोष्टीला उत्तरार्ध आहे. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर धंदा कोसळला. डिसेंबर २००२मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कर्मचाऱ्यांच्या शेअरची रद्दी झाली. पगार कापले, निवृत्तिवेतनाची योजना मोडीत निघाली. २००८मध्ये त्याच वैमानिकांवर पुन्हा आरोप आला. सुट्टीतल्या जादा फेऱ्या नाकारण्याची मोहीम चालवल्याचा आणि जुलै महिन्यात आजारपणाच्या रजा घेऊन ३००हून अधिक उड्डाणं पाडल्याचा. शिकागोच्या कोर्टाने नोव्हेंबरमध्ये मनाई हुकूम दिला आणि २००९मध्ये अपिलातही तो टिकला.

इथे मला वैमानिकांची वकिली करायची नाही. २०००मध्ये युनायटेड आणि डेल्टाचे वैमानिक थकले होते म्हणून फेऱ्या नाकारत होते, असं नाही. त्यांना पैसा हवा होता आणि त्यासाठी त्यांनी प्रवाशांचे हाल होऊ दिले. गरजेचं हत्यार त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी वापरलं. पण ते हत्यार त्यांच्या हातात दिलं कोणी? सुट्टीवरच्या माणसाशिवाय चालूच शकणार नाही, असं वेळापत्रक कंपनीनेच आखलं होतं.

सुट्टी विकायला नाही

याच गोष्टीचा वेगळा चेहरा सप्टेंबर २०१७मध्ये युरोपात दिसला. रायनएअर ही स्वस्त तिकिटांची आयरिश कंपनी. वैमानिकांच्या रजांचा हिशेब चुकला आणि सहा आठवडे रोज ४० ते ५० उड्डाणं रद्द करण्याची वेळ आली. पुढे हिवाळ्यातली आणखी १८ हजार उड्डाणं रद्द झाली. कंपनीने सुट्टीत काम करणाऱ्यांना मोठ्या रकमेचं आमिष दाखवलं. अनेक वैमानिकांनी ते नाकारलं. आम्हाला बक्षीस नको, करार हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. तीस वर्षं एकाही संघटनेला मान्यता न देणाऱ्या या कंपनीने त्याच डिसेंबरमध्ये वैमानिकांच्या संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली. अमेरिकेतल्या कायद्याचा अडसर तिथे नव्हता. म्हणून तोच नकार इकडे दंडाला पात्र ठरला आणि तिकडे हक्क मिळवून गेला.

झोपेचा हिशेब

आतापर्यंतची गोष्ट पैशाची आणि ताकदीची झाली. पण ८५ तासांची मर्यादा आली होती ती वेगळ्या भीतीतून. १२ फेब्रुवारी २००९च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. ५० माणसं गेली. वेग कमी झाल्याच्या इशाऱ्यावर कॅप्टनने उलटी कृती केली, हे चौकशीत मुख्य कारण ठरलं. पण सहवैमानिक रात्रभर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला प्रवास करून कामावर आली होती आणि दोघांनाही नीट झोप मिळाली नव्हती, हेही पुढे आलं. मृतांच्या नातेवाइकांनी संसदेचा पिच्छा पुरवला. जानेवारी २०१४पासून प्रवासी विमानांसाठी नवे नियम लागू झाले. ड्युटीआधी सलग दहा तास विश्रांती, आठवड्यात सलग तीस तास मोकळे. शिवाय उड्डाणाआधी आपण तंदुरुस्त आहोत असं वैमानिकाने सांगायचं आणि नसेल तर उड्डाण करायचं नाही. १९१९च्या धुक्यातला तो नकार ९५ वर्षांनी असा कर्तव्य म्हणून नियमात आला.

आपल्याकडे मे २०१०मध्ये दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळुरूच्या धावपट्टीपुढच्या दरीत कोसळलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. आखातात राबून घरी परतणारी किती कुटुंबं त्यात होती. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या समितीने चौकशी केली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. दीड तासाहून अधिक झोपेतून उठलेल्या मेंदूने उतरण्याचा निर्णय चुकवला, सहवैमानिकाने सांगूनही विमान पुन्हा वर घेतलं नाही.

आणि त्याच काळात विश्रांतीचे नियम कुठे होते? डीजीसीएने जुलै २००७मध्ये नवे नियम काढले होते. कंपन्यांनी तक्रार केली आणि मे २००८मध्ये ते स्थगित झाले. १९९२चं जुनं परिपत्रक पुन्हा लागू झालं. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि हरल्या. मे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांचं अपील फेटाळलं.

पुढची आवृत्ती ताजी आहे. जानेवारी २०२४मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करणारे आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घालणारे नियम आले. कंपन्यांनी हरकत घेतली, नियम लांबणीवर पडले. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर ते २०२५मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला एका दिवसात एक हजाराहून अधिक. आणि तोडगा काय निघाला? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा मोजता येणार नाही, हा दंडक मागे घेतला गेला आणि कंपनीला काही नियमांतून फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. माणसं कमी पडली तर विश्रांती कमी करायची. बेलमाँट पार्कवरचा हिशेबही याहून वेगळा नव्हता.

शरीराचा हक

इस्लामी परंपरेत जुम्मा हा सक्तीच्या सुट्टीचा दिवस नाही. नमाज झाली की रोजीरोटीला लागा, हीच शिकवण आहे. म्हणून कामाला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. पण हदीसमध्ये सलमान फारसी आणि अबू दरदा यांचा किस्सा येतो. अबू दरदा दिवसभर रोजे ठेवत, रात्रभर इबादत करत. सलमान यांनी त्यांना रात्री झोपायला लावलं. ईश्वराचा, कुटुंबाचा आणि स्वतःच्या जिवाचा असा प्रत्येकाचा माणसावर हक असतो, हे समजावलं. प्रेषितांनी सलमान यांचं बरोबर आहे, असा निर्वाळा दिला. इबादतीसाठीही शरीराचा हक मारता येत नसेल, तर वेळापत्रकासाठी कसा मारता येईल?

‘हक’ हा शब्द मला इथे नेमका वाटतो. आपली सुट्टी आपल्या मालकीची, म्हणून ती विकायचाही आपल्याला अधिकार, असं वैमानिक म्हणतात. माणसं ती विकतच आली आहेत, म्हणून आमचा त्यावर दावा, असं कंपनी म्हणते. कोर्टाने तो दावा एका मर्यादेत मान्य केला. या तिघांच्या हिशेबात मागच्या दीडशे-दोनशे खुर्च्यांवर पट्टा बांधून बसलेला माणूस कुठेच नाही. खरं तर वैमानिकाच्या झोपेवर त्याचाही हक आहे. त्याने ती वैमानिकाकडून कधी विकत घेतलेली नसते, तिकीट काढतानाच ती मिळाली असं तो समजतो.

म्हणून मला वाटतं, भांडण एका फेरीच्या दराचं नाही. दीडपट द्या की दुप्पट, प्रश्न तिथेच राहतो. सगळे वैमानिक आपापली पूर्ण सुट्टी घरी घालवतील असं धरून जेवढी उड्डाणं होऊ शकतात, तेवढ्यांचीच तिकिटं विकली जावीत, एवढंच मागणं आहे. नियमावलीत ही अट लिहायला दोन ओळी पुरतील. त्या लिहिल्या तर माणसं जास्त घ्यावी लागतील आणि तिकीट थोडं महागेल. मंगळुरूच्या त्या दरीचा विचार मनात आला, की ही वाढ मला जड वाटत नाही.